दर चार वर्षांनी भरलेली बॅग

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडला टेकून असलेल्या एका गल्लीत एक बंद दुकान आहे. भावाभावांचा खटला चालू आहे, त्यामुळे शटर वर जात नाही आणि पायऱ्या आमच्या. वकील म्हणतो, हा खटला आपल्या हयातीत संपत नाही. हे तो इतक्या समाधानाने सांगतो की दोन्ही भावांकडून फी हाच घेतो की काय, अशी शंका येते.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. डोंबिवलीच्या मानाने थंडी होती, म्हणजे मोटरमनने कानटोपी घातली होती. मोटरमन तीस वर्षं लोकल चालवून रिटायर झाला. बाई इतिहास शिकवायच्या. कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांची मुलं त्यांच्या हातून गेली आहेत, त्यामुळे त्या आल्या की आम्ही नकळत पाय खाली घेऊन बसतो. दादांची लेक अमेरिकेत, एडिसनला. दादा बोलतात कमी, चहाचे पैसे बहुतेक वेळा देतात. आणि बंड्या, वय ४१, आयटीत, म्हणून आमच्यातला तरुण.

विषय बंड्यानेच काढला. त्याच्या टीममधला बोस्टनचा एक जण सध्या पणजीचा बाप्तिस्म्याचा दाखला शोधतोय.

"श्राद्धाला लागतो का?" मोटरमनने विचारलं.

"काका, कॅनडाच्या पासपोर्टला. ट्रम्पला कंटाळलाय तो."

झालं असं की १५ डिसेंबर २०२५ पासून कॅनडाचा नागरिकत्वाचा कायदा बदलला. आधी वंशाच्या हक्काने मिळणारं नागरिकत्व परदेशात जन्मलेल्या पहिल्याच पिढीपर्यंत थांबायचं. आता त्या तारखेआधी जन्मलेल्यांसाठी ती अट गेली. आजी, पणजी कॅनडाची होती आणि मधली साखळी कागदावर दाखवता आली, की तुम्ही कॅनेडियन. अर्ज करून होत नाही, कायद्याने आधीच झालेले असता. अर्ज फक्त दाखल्यासाठी.

"म्हणजे आपल्या कुणबी नोंदींसारखं," वकील म्हणाला. "पणजोबाच्या नावापुढे काय लिहिलंय ते शोधायला मोडी वाचणारा गाठायचा. ह्यांना फ्रेंच वाचणारा पाद्री गाठायला लागेल."

फ्रेंच का, ते बाईंनी सांगितलं. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत क्युबेकमधून सुमारे नऊ लाख माणसं खाली अमेरिकेत उतरली. जमीन तुकड्यातुकड्यांची, घरात खाणारी तोंडं दहा-बारा, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलला, मेनमधल्या लुइस्टनला, न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टरला कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते. "कोकणातली माणसं लालबाग-परळला आली तशीच. गिरणीतल्या त्या बायकांच्या नातवंडांनी आजीचं फ्रेंच टाकलं, आडनावांचे उच्चार इंग्रजी केले. आणि आता पणतवंडं त्याच आजीचा पत्ता विचारत चर्चच्या दारात उभी आहेत."

मोटरमनला हे काही रुचलं नाही. "मला एक सांगा, जाणार किती जण आहेत यातले? अमेरिकेचं हे म्हणजे रुसलेल्या सुनेसारखं झालंय. दर चार वर्षांनी निवडणूक, दर चार वर्षांनी बॅग भरायची. 'मी जाते माहेरी!' दारापर्यंत जायचं, सगळ्यांनी बघितलंय ना याची खात्री करायची आणि परत येऊन कुकर लावायचा."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याने कानटोपी थोडी खाली ओढली.

पण आकड्यांच्या बाबतीत तो चुकत नव्हता. २००४ साली बुश दुसऱ्यांदा निवडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर अमेरिकेतून सुमारे १,१५,००० लोक येऊन गेले. एरवीचा आकडा २०,०००च्या घरातला. २०१६च्या नोव्हेंबरात, ट्रम्प जिंकत असल्याचं दिसायला लागलं त्या रात्री तर वेबसाइट बसलीच. त्याआधी काही महिने नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावरच्या एका रेडिओवाल्याने गमतीत जाहिरात केली होती, की ट्रम्प आले तर आमच्याकडे या, घरं स्वस्त आहेत. बेटावरची तरुण मुलं पोटासाठी बाहेर पडत होती, वस्ती आटत होती, त्यामुळे गंमत अर्धीच होती. जगभर बातमी झाली, पर्यटक आले. आणि प्रत्यक्ष कायमच्या वास्तव्याला कॅनडात गेलेले अमेरिकन? २००५-०६ला थोडी वाढ दिसते, पण वर्षाकाठी आठ ते अकरा हजारांच्या आसपासच हे प्रकरण फिरत राहतं. चौतीस कोटींच्या देशातून. आपल्याकडे एवढे लोक सकाळी आठ-दहाच्या जलदला चढतात म्हटलं तर मोटरमन म्हणेल, जास्त चढतात.

"बघा!" तो म्हणाला. "उलट कॅनडात जन्मून अमेरिकेत राहणारे जास्त आहेत."

तेही खरंच आहे. पगार तिकडे, ऊन तिकडे.

"पण काका, रुसणाऱ्याला नुसतं रुसून चालत नाही," बंड्या म्हणाला, आणि इथे त्याचा आवाज जरा बदलला. तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतः एक्सप्रेस एंट्रीला, म्हणजे गुण मोजून माणसं कायमची घेण्याच्या कॅनडाच्या योजनेला, प्रोफाइल टाकलं होतं. आम्हाला कोणालाही न सांगता. पायरीवर जरा शांतता पसरली. एकट्याने अर्ज केला तर वयाचे गुण जास्तीत जास्त ११०, विसाव्यापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत. तिशी लागली की दर वाढदिवसाला पाच-सहा गुण जातात. चाळिशीला ५० उरतात, त्यानंतर दर वर्षी अकरा. पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. "वाढदिवसाला बायको केक आणायची आणि मी वजाबाकी करायचो. आणि ऐका, इंग्रजीची परीक्षा अमेरिकनांनाही द्यावी लागते. टेक्ससमध्ये जन्मलेला माणूस हेडफोन लावून ऐकतोय की बाईने लायब्ररीचं कार्ड कुठे ठेवलं."

वकिलाला हे फारच आवडलं. तो दोनदा हसला, एकदा लगेच आणि एकदा चहा आल्यावर.

मग त्याने त्याची बाजू मांडली. नुसता राग हे कारण कॅनडाच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. शिक्षण, वय, अनुभव, भाषा. नाहीतर नवरा-बायको कॅनेडियन. नाहीतर आता ही पणजी. व्यापार कराराखाली ठरावीक पेशांच्या अमेरिकनांना कामाचा परवाना पटकन मिळतो, पण तो परवानाच. त्यात कॅनडाने स्वतःच दार ओढून घेतलंय. २०२५साठी पाच लाख लोकांना कायमचं घ्यायचं ठरलं होतं, ते ३,९५,०००वर आणलं, २०२६साठी ३,८०,०००. घरं परवडत नाहीत, साठ लाखांच्या आसपास प्रौढांना फॅमिली डॉक्टर नाही. परदेशी माणसाला घर विकत घ्यायला २०२३पासून बंदी आहे, ती २०२७ उजाडेपर्यंत चालेल. "मोटरमन, तुझ्या सुनेला माहेरच बोलवत नाहीये."

"डॉक्टर असली तर बोलावतंय," बाई म्हणाल्या. ब्रिटिश कोलंबियाने गेल्या वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टर-नर्सना खेचायची मोहीमच काढली, कागदपत्रं सोपी केली. म्हणजे ज्याच्याकडे विद्या आहे त्याचा राग चालतो. बाकीच्यांनी घरी बसून रागवावं.

मोटरमनचा मूळ राग मात्र जाण्यावरच होता. त्याने तो शेवटी रेल्वेच्या भाषेत सांगितला. "दिवा स्टेशनच्या पुढे गाडी थांबते. सिग्नल नाही. दहा मिनिटं झाली की एकेक जण खाली उडी मारतो आणि रुळांतून चालायला लागतो. मी केबिनमधून बघतोय. ज्याला उडी मारता येते तोच मारतो. म्हातारी, पोटुशी बाई, डब्यात सामान असलेला, ते बसलेलेच. आणि ही चालणारी माणसं रुळात आहेत म्हणूनच मला सिग्नल मिळूनही गाडी काढता येत नाही! सरकार आवडत नाही ना? मग बसा डब्यात, भांडा. तुमचं एक मत कमी झालं तर ज्याच्यावर रागावलात त्याचाच फायदा."

मला हे पटलं होतं, खोटं कशाला बोलू. नुसती ऐकायला बरी वाटणारी उपमा नव्हती ती. रुळातल्या माणसांपायी गाडी अडते हे त्याने शेकडो वेळा पाहिलेलं आहे.

"मत कमी होत नाही," वकील म्हणाला. परदेशी राहणारा अमेरिकन आपल्या शेवटच्या पत्त्याच्या राज्यातून मत पाठवू शकतो. करही सुटत नाही. नागरिकाने जगात कुठेही कमावलं तरी दरवर्षी अमेरिकेला विवरण भरायचं, असं करणारे देश दोनच, अमेरिका आणि इरिट्रिया. "माणूस सासरहून गेला तरी सासूचा हिशोब येत राहतो."

सासर-माहेर पुरे आता, असं बाईंनी सांगितलं. आणि मग त्यांनी बोलायला घेतलं. हे सगळं मी घरी येऊन लगेच टिपून ठेवलं, कारण बाई एकदा बोलल्या की दुसऱ्यांदा विचारायची सोय नसते.

"तू ज्यांना रुळात उतरलेले म्हणतोस ना, त्यांच्यातला पहिला जथा अमेरिका जन्मत असतानाच निघाला. राजाच्या बाजूचे. स्वातंत्र्ययुद्धानंतर चाळीस-पन्नास हजार माणसं वर गेली. त्यांच्या गर्दीमुळे १७८४ साली न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढावा लागला. म्हणजे तिथला इंग्रजी कॅनडा बऱ्याच अंशी उभा राहिला तोच अमेरिकेवर रागावलेल्यांनी. मग गुलाम. १८३४ला ब्रिटिश साम्राज्यात गुलामी संपली. इकडे अमेरिकेने १८५०ला कायदा केला, की पळालेला गुलाम उत्तरेतल्या मुक्त राज्यात सापडला तरी धरून मालकाला परत. मग मुक्त राज्यसुद्धा पुरेना, सरहद्दच ओलांडावी लागली. तीस-चाळीस हजार पोचले असावेत. स्वतः गुलामीतून पळालेली हॅरिएट टबमन तर ऑन्टॅरिओतल्या सेंट कॅथरिन्सला घर करून राहिली आणि तिथून परत परत खाली जाऊन माणसं आणत राहिली. ती डब्यात बसून भांडली असती का?"

मोटरमन काही बोलला नाही.

"आणि सिटिंग बुल, लाकोटा आदिवासींचा म्होरक्या. १८७६ला लिटल बिगहॉर्नला अमेरिकन सैन्यातल्या कस्टरची तुकडी त्यांनी कापली, आणि पुढच्या वर्षी आपली माणसं घेऊन तो कॅनडात शिरला. ती लोकं त्या सरहद्दीला मंतरलेली रेषा म्हणायची. कारण मागे लागलेलं घोडदळ तिथे येऊन थांबायचं. ना भिंत, ना नदी. गवतच गवत, आणि त्यात न दिसणारी रेघ. वुड माउंटनला तो चार वर्षं राहिला. तिथल्या पोलिसांतला वॉल्श नावाचा अधिकारी त्याच्याशी नीट वागला. पण सरकारने ना जमीन दिली, ना शिधा. राहा म्हटलं नाही. रानगवे संपले आणि पोरं उपाशी मरायला लागली. १८८१च्या जुलैत तो खाली उतरला आणि शरण गेला. बरोबर दोनशेही माणसं उरली नव्हती." बाई थांबल्या. "कॅनडाने त्याला हाकललं नाही. नुसती वाट पाहिली."

चहावाल्या पोराने ग्लास गोळा करायला हात पुढे केला होता, तो तसाच उभा राहिला.

"मग हे माझ्याच बाजूचं झालं," मोटरमन हळू म्हणाला. "पळून काय मिळालं?"

"व्हिएतनामवाल्यांना मिळालं," वकील म्हणाला. सक्तीची सैन्यभरती टाळून कितीतरी हजार तरुण वर गेले; त्यांच्या बरोबरच्या मुली-बायका धरून पन्नास हजारांच्या आसपास, असं मानतात. तेव्हा सरहद्दीवरच्या चौकीत उभ्या उभ्या अर्ज करता यायचा, अधिकारी तिथल्या तिथे गुण मोजायचा. १९६९मध्ये कॅनडाने ठरवलं, की सैन्याबद्दल विचारायचंच नाही. कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले आणि दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी १९७७ला, त्यांनी भरती टाळणाऱ्यांना माफी दिली. तरी निम्मेअर्धे तिथेच राहिले. तोवर लग्नं झाली होती, पोरं शाळेत होती. "पण तीच दारं इराकच्या वेळी बंद. २००४ला इराकला नको म्हणणारे सैनिक पळून आले. त्यांना सांगितलं, तुम्ही आपणहून भरती झालात, तुमचा देश लोकशाही आहे, तुम्ही निर्वासित नाही. २००८ला एकाला तर परत पाठवला. तिकडे तो तुरुंगात गेला."

मग अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्राध्यापकांवर गाडी आली. टिमथी स्नायडर, मार्सी शोअर आणि जेसन स्टॅन्ली हे तिघे २०२५मध्ये टोरांटो विद्यापीठाकडे वळले. तिघांचा अभ्यास हुकूमशाही, फॅसिझम, पूर्व युरोप या भागातला, म्हणून बातमी मोठी झाली. बंड्या म्हणाला, आग ओळखणारेच आधी बाहेर पडतायत. बाईंनी त्याला दुरुस्त केलं: स्नायडरनी स्पष्ट म्हटलंय, की मी ट्रम्पमुळे गेलो नाही. स्टॅन्लीनी मात्र राजकीय कारण उघड सांगितलं. नाझींपासून पळालेल्या आईबापांचा मुलगा तो. एकाच विमानात बसलेल्या दोघांची कारणं वेगळी असतात, ती एकत्र करू नये. इतिहासाच्या बाई त्या, पेपर तपासल्यासारखं बोलतात.

इथे मला एक खुपलं ते सांगतो. आमच्या गल्लीत प्रत्येक बिल्डिंगमधला कोणी ना कोणी बाहेर आहे. जाताना त्यांतल्या एकानेही राजकारणाचं कारण दिलेलं मी ऐकलं नाही. आपल्याकडे 'पॅकेज' म्हणतात, 'एक्स्पोजर' म्हणतात, फार झालं तर 'मुलांसाठी'. अमेरिकन माणूस नेमकं उलट करतो. जातो नोकरीसाठी नाहीतर प्रेमात पडून, आणि सांगतो की देशाचा वीट आला. किंवा जात नाहीच, आणि तरी तेच सांगतो. बोलायला मोकळीक आहे त्याला. सेंट कॅथरिन्सला पोचणाऱ्यांनी मागे कोणाला सांगून ठेवलं असेल, की आम्ही निघालोय?

एवढा वेळ दादा एक शब्द बोलले नव्हते. ग्लास रिकामा होऊन अर्धा तास झाला होता, हातातच होता.

"आमचे चाललेत," ते म्हणाले.

"कोण?"

"लेक, जावई. मार्चमध्ये. टोरांटोला."

लेक-जावई अकरा वर्षं न्यू जर्सीत, एच-वन-बीवर. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे हे डोंबिवलीत कोणाला सांगायला नको. २०२३च्या जुलैत कॅनडाने अमेरिकेतल्या एच-वन-बीवाल्यांसाठी दहा हजार परवाने काढले होते, ते दोन दिवसांत संपले. जावयाचा विचार होईपर्यंत खिडकी बंद. मग गेला सप्टेंबर. जावई एकटा इथे आला होता, वडिलांच्या श्राद्धाला. शनिवारी पहाटे कंपनीचा मेल: नव्या हुकमाने एच-वन-बीवर एक लाख डॉलर शुल्क लागणार, रविवार उजाडायच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवा. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दादा त्याला घेऊन टॅक्सीने विमानतळावर गेले. तिप्पट भावाचं तिकीट, तेही दोन ठिकाणी विमान बदलून. तो हवेत असतानाच खुलासा आला, की हे नव्या अर्जांनाच लागू, जुन्यांना नाही. "उतरल्यावर त्याने फोन केला. म्हणाला, बाबा, विमानात मी एकच गोष्ट ठरवली."

त्याच्या कंपनीचं टोरांटोला ऑफिस आहे. तिथे बदली मागितली, मिळाली.

"पण दादा," बंड्या म्हणाला, "ते राजकारणाला कंटाळून नाही ना. त्यांना तर मतही नाही तिथे."

"हो. मत नाही. त्या दोघांना." दादांनी ग्लास पायरीवर ठेवला. "फॉर्म भरताना मी इथून व्हिडिओवर होतो. राष्ट्रीयत्व लिहायचं होतं. लेक भारतीय. जावई भारतीय. नातू अमेरिकन. तिथेच जन्मला, सात वर्षांचा. तुम्ही मघापासून विचारताय ना, खरा अमेरिकन कोण जातोय कॅनडात. आमच्या घरातला एक जातोय. त्याला मत अकरा वर्षांनी मिळेल."

"त्याला काय वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"त्याला बेसबॉलची टीम सोडायची नाहीये. दोन दिवस जेवला नाही नीट."

वकिलाने घसा खाकरला, पण कलम काही सांगितलं नाही. रुळात उतरणाऱ्यांबद्दल एवढं बोललेला मोटरमन बराच वेळ समोरच्या खांबाकडे बघत होता. मग त्याने कानटोपी काढून घडी केली आणि खिशात ठेवली.

"दादा, टोरांटोला लोकल आहे का?"

"आहे. गो ट्रेन म्हणतात. हिरवी-पांढरी. डबलडेकर."

"डबलडेकर?" मोटरमन सरसावून बसला. "पोराला सांगा, वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडायची. आणि फोटो पाठवायला सांगा मला, केबिनचा."